उताराच्या तळाशी

“वाईच थांबा, ताक आहे!” हे शब्द मला अगदी स्वच्छ ऐकू आले होते. वाऱ्यात काही कळलं नाही, असं मी नंतर मित्राला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. कोकणातलं पालशेत मागे पडल्यावर सायकलने वेळणेश्वराकडे जाताना एका सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, रस्ता खाली वहाळाकडे सुटतो. तळाशी बुटका पूल, पुलाच्या अलीकडे जांभ्या दगडाचा रचलेला गडगा, आणि गडग्यामागे माडापोफळींत अर्धं बुडालेलं कौलारू घर. बेड्यापाशी, आडव्या बांबूंच्या फाटकापाशी, एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात बनियन, कमरेला पंचा, हातात पितळी तांब्या आणि त्यावर पालथं घातलेलं फुलपात्र. मित्र माझ्यापुढे दोन-तीन मिनिटं होता. तो गेला तेव्हा यांना बाहेर यायला उशीर झाला असणार, आणि एक गेला म्हणजे मागून दुसरा येईल अशा हिशेबाने ते तांब्या भरून थांबले असणार. मी एक हात वर केला, हसलो आणि गेलो. सायकलच्या मीटरवर तेव्हा ताशी 46 चा आकडा होता. पूल संपता संपता पुढचा चढ उभा होता, आणि हाताशी आलेला वेग त्या चढाआधी सोडायची माझी तयारी नव्हती.

आठ-दहा सेकंदांचा सगळा प्रकार. तो काही केल्या मनातून जाईना.

आम्ही दोघे त्या दिवशी दापोलीहून रत्नागिरीला निघालो होतो. समुद्राच्या कडेकडेने, मध्ये दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडून, साधारण सव्वाशे किलोमीटर. पुण्यात कुणाला हा आकडा सांगितला की “मग काय, किनाऱ्याचा सपाट रस्ता” असं उत्तर येतं. नकाशात निळ्या रेषेला चिकटून जाणारा रस्ता पाहिला की तसं वाटणं साहजिक आहे. पण सह्याद्रीतून पश्चिमेला धावणाऱ्या नद्यांनी आणि वहाळांनी हा जांभ्याचा सडा इतका चिरत नेला आहे, की इथला रस्ता सतत एक तर खाली उतरत असतो किंवा वर चढत असतो. खाडीपाशी तुम्ही समुद्रसपाटीला असता, दोन-तीन किलोमीटरने शंभर-सव्वाशे मीटर वर सड्यावर, आणि मग पुन्हा खाली. दिवसाअखेर माझ्या मीटरवर दोन हजार मीटरच्या वर चढाई जमली होती. पसरणी घाट साडेतीन वेळा चढावा, तेवढी. फरक एवढाच की पसरणीत एकदा लय सापडली की वाईपासून पाचगणीपर्यंत ती टिकते. श्वास, पाय आणि गिअर यांचं एकदा जमलं की डोकं मोकळं होतं. इथे लय लागते न लागते तोच चढ संपतो, घाम वाऱ्यावर गार पडतो, मांड्या आखडतात, आणि त्याच आखडलेल्या मांड्यांनी पुढच्या चढाला भिडायचं. मोठा असा एकही घाट नाही, आणि तरी दिवसभर सुटका नाही.

साडेपाचला दापोली सोडली तेव्हा अंधार होता आणि चांगली थंडी होती. जानेवारीतली ही कोकणातली पहाट मला फार प्रिय आहे. दिव्याच्या गोल उजेडात फक्त पुढचा दहा हात रस्ता असतो, बाकी सगळं वासावरून ओळखायचं. मोहोराचा तो गोडसर, जरासा उग्र वास आला की कडेला आंब्याची कलमं आहेत. ओल्या मातीचा गारवा लागला की वहाळ जवळ आला. धुराचा वास आला की वाडी, कुणीतरी न्हाणीच्या चुलीत पाणी तापत घातलं आहे. दाभोळच्या आधीचा उतार संपेस्तोवर उजाडायला लागलं होतं आणि ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली होती. हे दाभोळ एके काळी अरबस्तानापर्यंत माल पाठवणारं बंदर होतं, 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं. आता धक्क्याजवळ जुनी आदिलशाही मशीद शांत उभी असते आणि जेटीवर फेरीबोटीची वाट बघणारी माणसं चहा पीत असतात. आमच्याबरोबर बोटीत दोन मोटारी होत्या, दहा-बारा दुचाक्या, मासळीच्या पाट्या घेतलेल्या तीन बायका, आणि शाळेचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या एक बाई. वाशिष्ठीच्या मुखावरचं ते पाणी जेमतेम दहा मिनिटांचं. बोट नसेल तर चिपळूणवरून केवढा वळसा पडतो, हे तिथल्या माणसांनाच विचारावं.

धोपाव्याच्या जेटीवर बोटीची फळी पडते आणि तिथूनच चढ सुरू होतो. आरामात बसलेल्या पायांना असं एकदम उठवलेलं आवडत नाही. वर आल्यावर एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. कंपनी जाऊन दोन दशकं उलटली, प्रकल्पाचं नाव बदललं, पण तिथली माणसं अजून एन्रॉनच म्हणतात. गुहागरात व्याडेश्वराला बाहेरूनच नमस्कार केला, एका खानावळीत गरम घावन खाल्ले, ओल्या खोबऱ्याच्या चटणीसकट. खालचा पाट नावाच्या वस्तीतल्या सुपारीच्या बागांमधून जाणारा सावलीचा रस्ता मागे पडला आणि पालशेतकडे निघालो तेव्हा ऊन लागायला सुरुवात झाली होती.

मित्र चिपळूणचा. हे चढउतार त्याच्या पायांत लहानपणापासून आहेत. त्याचा एक नियम आहे, तो त्याने मला पहिल्याच उतारावर ओरडून सांगितला होता: “ब्रेक सोड! उतारावर वाचवलेलं चढावर व्याजासकट भरावं लागतं.” नियम बरोबरच आहे. दोन सड्यांच्या मधली घळ अशी असते, की उतरताना मिळालेला वेग न मोडता पूल पार केला तर समोरच्या चढाचा पहिला तुकडा पायांना कळतच नाही. हे जमलं की आतून जो आनंद होतो तो मी शब्दांत पकडू शकत नाही. सायकलचं वजन नाहीसं होतं, कानात वारा घुमतो, मागच्या चाकातली फ्रीव्हीलची किर्र सगळ्या घळीत भरून राहते, आणि आपण पाखरासारखे या काठावरून त्या काठावर जातो. तळाशी थांबणं म्हणजे तो झोका मधेच हाताने धरणं. म्हणून मी थांबलो नाही. एवढंच कारण होतं, आणि त्या क्षणी ते मला पुरेसं वाटलं.

त्या चढावर वेग फार टिकला नाही. दुसऱ्या वळणाशी मी ताशी आठवर आलो होतो, सड्यावर पोचलो तेव्हा सातवर. मग ऊन, कातळ आणि मी. हेल्मेटच्या पट्टीतून घाम डोळ्यांत उतरत होता आणि बाटलीतलं इलेक्ट्रॉलचं पाणी कोमट झालं होतं. वाळलेलं गवत कापून ठेवलेल्या उडव्या, काळ्या कातळावर पावसाळ्यात साचलेल्या पाण्याचे पांढुरके डाग, काजूच्या कोवळ्या लालसर मोहोरावर घोंघावणाऱ्या माश्या, डोक्यावर कवळाचा भारा घेऊन चाललेली एक बाई आणि तिच्यामागे जिभा बाहेर काढून चाललेली दोन कुत्री. ती बाई आणि मी जवळजवळ बरोबरीने चाललो होतो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सायकलकडे, आणि “उन्हाचं निघालाव?” एवढंच म्हणाली. पुढे फाट्यावर ती वळेपर्यंत आम्ही न बोलता सोबत होतो.

आणि तिथेच मला जे जाणवलं ते दिवसभर सोबत राहिलं. सकाळपासूनचे सगळे सडे मला पाठ झाले होते. कुठे रस्त्याला भेग आहे, कुठे एकटं उक्षीचं झुडूप आहे, कुठल्या वळणावर पहिल्यांदा समुद्र दिसतो. कारण तिथे मी चालण्याच्या वेगाने गेलो होतो. आणि गावं? गावं सगळी तळाशी. घरं, विहिरी, शाळा, देऊळ, अंगणात वाळत घातलेलं भात, माणसं, सगळं उताराच्या तळाशी, आणि तिथून मी चाळीस-पंचेचाळीसने निघून आलो होतो. जिथे कोणीच राहत नाही ती जागा मी नीट पाहिली आणि जिथे माणसं होती तिथे फक्त रंगांचे पट्टे पाहिले. लोकांना मी गेली कितीतरी वर्षं सांगत आलो आहे की सायकलवरून गाव कळतं, मोटारीतून कळत नाही. ते त्या सड्यावर मला खरं वाटेना.

गावं तळाशी का, हे मला आजोबांनी सांगितलं होतं. माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं, तेही असंच दोन सड्यांच्या मधल्या घळीत. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांना विचारलं होतं, वर इतकी मोकळी सपाट जागा असताना आपण खाली अंधारात का राहतो? तेव्हा त्यांनी जांभ्याचा एक चिरा घेतला, त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि पाणी आत जिरून खालच्या बाजूने ठिबकायला लागेपर्यंत मला बघत बसवलं. सड्यावर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पावसाळा सरला की थेंबभरही वर राहत नाही. जांभा सच्छिद्र, बरंचसं पाणी पिऊन घेतो आणि त्याच्या तळाशी, जिथे चिकट माती लागते तिथे, झऱ्यातून सोडतो. म्हणून पोफळी खाली, म्हणून विहीर खाली, म्हणून आपण खाली. “पाणी थांबतं तिथे माणूस थांबतो,” असं ते म्हणाले होते, आणि तो भिजलेला चिरा पुन्हा गडग्यावर जागच्या जागी ठेवला होता.

त्याच गडग्यापाशी ते संध्याकाळी उभे राहायचे. राजापूरहून येणारी एसटी वरच्या सड्यावर आली की उतारासाठी ड्रायव्हर गिअर बदलायचा, आणि तो आवाज घळीत घुमत खाली यायचा. आजोबा ओटीवर बसल्या बसल्या तो आवाज ओळखत. हातातलं काम ठेवून बेड्यापाशी जात. कोणी येणार असेल-नसेल, गाडी थांबेल-न थांबेल, ते तिथे असत. बहुतेक वेळा गाडी न थांबता धुरळा उडवत पुलावरून निघून जाई, कारण तिलाही पुढचा चढ असे. आजोबा मग थोडा वेळ रस्त्याकडे बघत आणि परत येत. आत आजीने जास्तीचा भात घातलेला असे, तो सकाळी आम्हाला फोडणीला टाकून मिळे. लहान असताना मला यात काही विशेष वाटलं नाही. त्यांच्यामागे घर दहा वर्षं बंद होतं, मग मामांनी विकलं. मी त्या बाजूला परत गेलेलो नाही. वाट वाकडी करून जावं असं निमित्त कधी झालं नाही, असं मी म्हणतो.

हेदवीत आम्ही गणपतीच्या देवळात थांबलो. गार फरशीवर पाठ टेकली तेव्हा मित्राला मी विचारलं, “मागे ते आजोबा दिसले का रे, तांब्या घेतलेले?” “कुठे? मला कोणी दिसलं नाही,” तो म्हणाला. “तू थांबलास?” “वाऱ्यात काही कळलं नाही,” मी म्हणालो. त्याने पुढे काही विचारलं नाही, तो केळ सोलत होता. नरवणच्या पुढच्या चढावर माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला आणि मी उतरून सायकल ढकलायला लागलो. बुटाखालच्या लोखंडी पट्ट्या डांबरावर घसरत होत्या. दुपारचा दीड वाजला होता आणि तोंडाला कोरड पडली होती. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मला ताक आठवलं नाही असा एक मिनिट गेला नाही. पातळ, आंबटसर, वर हिंगाचा वास. त्यांच्या तांब्यातलं तसंच होतं की नाही, कोण जाणे.

तवसाळच्या जेटीवर बोट नुकती सुटली होती. पुढच्या फेरीची वाट बघत आम्ही पाण्याच्या काठी पाय सोडून बसलो. पलीकडे जयगडचा किल्ला, वीज प्रकल्पाच्या चिमण्या, मधे शास्त्री नदीचं रुंद हिरवं पाणी. सकाळचे मतलई वारे केव्हाच पडले होते आणि समुद्रावरून खारा वारा सुरू झाला होता. एका होडीत दोन माणसं जाळं विणत बसली होती, त्यांच्या बोलण्यातला शब्दन्‌शब्द पाण्यावरून ऐकू येत होता. तो सक्तीचा पाऊण तास हा आख्ख्या दिवसातला माझा सगळ्यात चांगला वेळ ठरला. पोटरी सुटली, डोकं निवलं. थांबण्याशिवाय इलाज नव्हता म्हणून मी थांबलो, आणि थांबल्यावर मला बरं वाटलं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

जयगडचा चढ, सड्यावरचा लांबलचक रस्ता, केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळ्याची गर्दी, हे सगळं मी थकव्याच्या धुक्यातून पाहिलं. पण आरे-वारे आलं आणि थकवा कुठे गेला कळलं नाही. उजव्या हाताला खाली दोन्ही पुळणी, मधे पुढे आलेला डोंगराचा नाक, त्याला वळसा घालणारा रस्ता आणि सूर्य पाण्याला टेकायला आलेला. वारा जवळजवळ पाठीशी होता. शेवटच्या उतारावर मी पुन्हा ब्रेक सोडले, पुन्हा ती किर्र भरून राहिली, आणि पुन्हा मला तोच आनंद झाला, तसूभरही कमी नाही. मनात सल असताना तो व्हायला नको होता असं मला आता वाटत नाही. दोन्ही गोष्टी माझ्याच होत्या. साखरतरच्या पुलावर दिवे लागले होते, आणि सातच्या सुमाराला आम्ही रत्नागिरीत होतो.

रात्री लॉजवर पाय भिंतीला लावून पडल्या पडल्या मी मोबाइलवर दिवसाचा आलेख उघडला. उंचीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी, आणि तिच्याखाली वेगाची रेघ, बरोबर उलटी. जिथे उंचीचा खड्डा तिथे वेगाचा सुळका. प्रत्येक खड्ड्यात एक वाडी. पालशेतच्या पुढचा तो सुळका सापडायला वेळ लागला नाही, वेळ 11 वाजून 4 मिनिटं, वेग 46.2. मग मी एक गणित केलं, शाळेतलंच आहे. एवढ्या वेगातली सगळी ऊर्जा, वाऱ्याचा आणि टायरचा विरोध शून्य धरून, उंचीत बदलली तर किती मीटर वर जाता येतं? वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. उत्तर आलं आठ मीटर आणि थोडं वर. मी पुन्हा करून पाहिलं. दोन हजार मीटरच्या दिवसात आठ मीटर. त्या घराच्या मागचा माड त्याहून उंच होता.

मी फोन बाजूला ठेवला. मित्र केव्हाच झोपला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी मी परत गेलो. या वेळी एकटा, गुहागरात मुक्काम करून, सकाळी पुढे काहीही गाठायचं नाही असं ठरवून. आलेखात ठिकाण होतंच, तरी वरच्या वळणावरूनच ब्रेकवर बोटं ठेवली. मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या. गडगा तोच, पूल तोच. बेड्याचे बांबू आडवे घातलेले होते आणि खळ्यात पाचोळा साचला होता. मी सायकल गडग्याला टेकवली आणि उभा राहिलो. शेजारच्या घरातून एक वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. आप्पांकडे आलात का, म्हणाल्या. आप्पा मुंबईला लेकाकडे गेलेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. दोन्ही डोळ्यांत पिकला होता. शिमग्याला पालखीपर्यंत येतील. “दिसत नव्हतं त्यांना?” मी विचारलं. “उजेड तेवढा कळायचा. पण कान तिखट. वर सायकलवाल्यांची किर्र वाजली की हे आत ताकाला.”

म्हणजे मी वर केलेला हात त्यांना दिसला नव्हता. हसलो होतो तेही नाही. त्यांनी फक्त तो आवाज ऐकला होता, जवळ येणारा, अगदी समोर आलेला, आणि मग पुलापलीकडे जाणारा.

वहिनींनी पाणी आणून दिलं, गुळाचा खडा आणि पाणी. काय निरोप सांगू, म्हणून विचारलं. मला पटकन काही सुचेना. एक सायकलवाला ताक प्यायला आला होता म्हणून सांगा, म्हणालो. थोडा वेळ गडग्यावर बसलो. जांभ्याचा चिरा सकाळच्या उन्हातही खालून ओलसर गार लागत होता. मग सायकल पुलाच्या तोंडाशी नेली, सगळ्यात हलका गिअर टाकला, आणि शून्यावरून चढायला सुरुवात केली.